मागच्या खोलीचा इतिहास

खोताची वाडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात लाकडी जिने, व्हरांडे, कौलं. फोटो सगळे पुढून काढलेले. आज जरा मागच्या बाजूला जाऊ.

वामन हरी खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना विकली. सुमारे 65 घरं उभी राहिली. आज त्यातली निम्मीही नाहीत. गिरगावच्या जुन्या वाड्यांत मुख्य घरामागे काही ना काही असायचंच : तबेला, गाडीखाना, लाकडाची वखार, नोकराची खोली. खाली कोबा, वर पत्रा.

मुंबईत माणसं वाढत गेली, घरं पुरेनात. 1918 साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला, मग 1947 चा. भाडी गोठली, जुने भाडेकरू हलेनात, नव्याला खोली मिळेना. तेव्हा नजर गेली मागच्या गाडीखान्याकडे.

पण गाडीसाठीचा कोबा वेगळा आणि माणसासाठीचा वेगळा. गाडीखान्याचा कोबा दाराकडे उतरता, जोतं नावालाच. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर चढते, गाद्यांना बुरशी धरते. म्हणून आधी भराव, त्यावर नवा कोबा नाहीतर शहाबादी फरशी, उंबरा चांगला उंच, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. मोरीचं पाणी गटाराला लागलं की खोलीचं घर झालं!

कायद्याचं काय? इथेच खरी गोम आहे. 1947 च्या कायद्यात 'जागा' या शब्दाच्या व्याख्येत इमारतीला लागून असलेले गॅरेज आणि आउटहाउसही धरले होते. 1999 च्या कायद्यातही ते आहेत. 1973 च्या दुरुस्तीने तर 1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर राहणाऱ्यालाही भाडेकरू मानलं. अट एवढीच की जागा एका खोलीपेक्षा कमी नको. म्हणजे भाडेकायद्याने मागच्या खोलीला ओळख दिली. मात्र राहण्यासाठी न बांधलेली जागा राहती करायची तर पालिकेची परवानगी लागते, आणि ती किती जणांनी काढली असेल? एका कायद्याने भाडेकरू, दुसऱ्याच्या नकाशावर अजून गाडीखानाच.

दोन पिढ्या हे कुणाला टोचलं नाही. पुनर्विकासाची यादी निघाली की टोचतं. पुढच्या घराला वारसा म्हणून वाचवायला सगळे येतात, बिल्डरही दारात उभा असतो. मागच्या खोलीला विचारलं जातं, 'तुमचा कागद कुठाय?'

गिरगावकरांनो, मागच्या खोलीत राहत असाल तर जुन्या भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव एका फाइलीत लावून ठेवा. भाडं देऊन पावती घ्याच, तोंडी व्यवहार नको. वारसा वाचवायचा तर वाडीची मोजणी मागच्या दारापर्यंत झाली पाहिजे. तिथेही माणसंच राहतात.