माकडहाडाचा इतिहास : शेपूट गेले, ठणका उरला

१/ तीर्थपुरीच्या (जि. जालना) वाटेवर बैलगाडीतून जो एकदा आपटला, त्याला माकडहाड कुठे असते हे शिकवावे लागत नाही. पण शेपटाचा हा क्षुद्र अवशेष एवढा ठणकतो का? उत्तर हाती यायला अनेक शतके लागली.

२/ सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे वर्णिली आहेत. त्यांपैकी 'कुकुंदर' ही दोन कण्याच्या खालच्या भागी, दोन्ही बाजूंस. तेथे घाव बसल्यास खालच्या अंगाचा स्पर्श जातो, हालचाल खुंटते, असे ग्रंथ सांगतो. निरीक्षण मोलाचे आहे. मात्र संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंची आजची कल्पना त्यात नाही. 'पूर्वजांना सारे ठाऊक होते' आणि 'काहीच ठाऊक नव्हते', ही दोन्ही विधाने येथे फसतात.

३/ इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलसने मानवी देहाचे विच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले. ग्रीकांना या हाडात कोकीळकुळातील पक्ष्याची चोच दिसली, त्यावरून 'कॉक्सिक्स'. मराठीला माकड दिसले!

४/ १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. तीर्थपुरीचा मुलूख निजामाचा. तिकडे हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली. शवविच्छेदनाच्या मेजावरचे शरीरशास्त्र असे आपल्याकडे रुजले.

५/ त्या मेजावर काय दिसते? मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. पुढे तंतूंचा झुबका, नाव 'घोड्याचे शेपूट'. मेरुतंतूंच्या ३१ जोड्यांतील शेवटची जोडी माकडहाडाची. तिच्या जाळ्यातील बारीक तंतू तेथील त्वचेला संवेदना देतात. हाडाच्या पुढच्या अंगास अनुकंपी तंतूंच्या दोन साखळ्या एकाच गाठीत मिळतात. १८ व्या शतकातील जर्मन शरीरशास्त्रज्ञ वॉल्थर यांचे नाव तिला लाभले.

६/ १८५९ मध्ये सिम्पसन यांनी, म्हणजे क्लोरोफॉर्म रूढ करणाऱ्यांनीच, या दुखण्याला 'कॉक्सिगोडिनिया' हे नाव दिले. तरीही पुढे कित्येक डॉक्टरांनी ते 'मनाचे खेळ' म्हणून झटकले. १९९० मध्ये मेक्सिकोच्या प्लांकार्ते यांनी कर्करुग्णांच्या ओटीपोटाखालील वेदनेसाठी त्याच गाठीपाशी औषध टोचले आणि आराम पडल्याचे दाखवले. आज माकडहाडाच्या चिवट दुखण्यावरही हा उपाय योजतात.

७/ गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिसणारे शेपूट आठव्यापर्यंत विरते. तंतू मात्र राहतात. म्हणून 'निरुपयोगी हाड' म्हणण्यापूर्वी, आणि कुणाच्या दुखण्याला हसण्यापूर्वी, हा इतिहास आठवावा.