सालीवरचे राखणदार

सडण्याला आपल्या सीमाभागात शब्दांची वाण नाही. मराठीत फळ सडते, कुजते, नासते. कानडीतला ‘कोळे’ मात्र जगभर हिंडून आला आहे. १८७६ साली कुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने कॉफीवरच्या एका बुरशीच्या शास्त्रीय नावातच ‘कोळेरोगा’ हा शब्द घातला. पुढे १९१० मध्ये म्हैसूर सरकारचे लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर ग्रंथ लिहिला आणि घडांवर बोर्डो मिश्रण फवारायला सांगितले. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ साली द्राक्षांसाठी पुढे आले. आपल्या अथणीकडच्या बागायतदाराला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

पण बोर्डो ही बागेतली गोष्ट झाली. तोडलेले फळ टिकवायचे कसे? आमच्याकडे वेंगुर्ला-सावंतवाडीकडचा हापूस आंबोली घाट चढून यायचा आणि भाताच्या पेंढ्यात त्याची आढी लागायची. आढीतला आंबा धुवायचा नाही, ओला ठेवायचा नाही, देठाशी काळवंडलेला दिसला की आधी बाहेर काढायचा, हा घरातल्या बायकांचा दंडक. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतही ओल आणि बुरशी यांच्याशीच वैर.

बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हा फळांविषयीचे शास्त्र पुण्याजवळच्या गणेशखिंडीत चाले. तिथल्या डॉ. चीमांनी आंबा शीतगृहात ठेवून पाहिला. (द्राक्षातली ‘चीमा साहेबी’ ती यांच्याच नावाची.) थंडीने बुरशी मंदावते, मरत नाही, आणि थंडी जास्त झाली तर आंबाच बिघडतो. मग बेनोमिल, कार्बेन्डाझिम अशी औषधे आली. काही वर्षे त्यांनी कमाल केली, पण बुरशाही त्यांना सरावल्या. शिवाय औषधाचा अंश फळावर उरतो, तो आपल्याच पोटात जातो.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. अमेरिकेचे चार्ल्स विल्सन आणि इस्रायलचे एडो शालुत्झ लिंबूवर्गीय फळांवर काम करत होते. १९९० साली त्यांनी लिहिले की, धुऊन वाळवलेली फळे न धुतलेल्या फळांपेक्षा लवकर सडतात. फळांचे धुवण बशीत वाढवले तर नुसते यीस्ट आणि जीवाणू उगवत; तेच पाणी पातळ केले की मग कुजवणाऱ्या बुरशा डोके वर काढत. म्हणजे सालीवर राखणदार आधीपासूनच बसलेले होते, आणि आपणच त्यांना धुऊन टाकत होतो.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाचेच भाऊबंद. यांची रीत साधी आहे. फळाला ओरखडा पडला की तिथे रस येतो. हे यीस्ट झपाट्याने वाढून तो रस फस्त करतात. मागाहून आलेल्या बुरशीला ना जागा, ना दाणापाणी. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसलाच प्रकार. १९९५ साली अमेरिकेत ‘अ‍ॅस्पायर’ नावाने असे यीस्ट विक्रीला मंजूरही झाले. मात्र ते बाजारात टिकले नाही. प्रयोगशाळेत हुकमी ठरणारा जीव वखारीत तसाच वागेल याची खात्री देता येत नाही. रसायनाच्या डब्याइतका तो आज्ञाधारक नसतो.

हे वाचून, ‘आमच्या आजीला सगळे ठाऊक होते’ असे कुणी म्हणू नये. आजी आंबा धूत नसे ती ओलीच्या भीतीने. आणि हापूसची गोष्ट लिंबासारखी नाही. आंब्याचा करपा बागेतच, कोवळ्या फळात शिरतो आणि पिकेपर्यंत सालीखाली दबा धरून बसतो. देठकुजेचेही बहुधा तसेच. चोर आधीच घरात असेल तर उंबऱ्यावरचा राखणदार काय करणार? म्हणून आंब्यासाठी तोडल्याबरोबर ५२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात काही मिनिटे बुडवणे हाच उपाय अधिक भरवशाचा ठरला. ऊन पाण्याची धग सालीखालच्या बुरशीपर्यंत पोचते. मात्र त्यानंतर आंबा पुरता कोरडा करूनच आढीत घालायचा.