तुरिआल्बा : कॉफीची वंशावळ जपणारे कोस्टा रिकातील शहर

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलच्या सामन्यांत वापरला जाणारा प्रत्येक अधिकृत चेंडू एकाच गावातून येतो. ते गाव अमेरिकेत नाही. कोस्टा रिकाची राजधानी सान होजेपासून पूर्वेला सुमारे ६४ किलोमीटरवर, ऊस आणि कॉफीच्या मळ्यांनी वेढलेले तुरिआल्बा हे ते शहर. जगातील सर्वांत महागड्या कॉफींपैकी एक असलेल्या ‘गेशा’चा प्रवासही याच गावातून पुढे गेला. एवढे असूनही नकाशावर ते सहज सापडत नाही, आणि त्याच्या नावावर जगात जे विकले जाते त्यातला मोठा वाटा त्याच्या पदरात पडत नाही. उष्ण कटिबंधातील शेतीप्रधान शहरांची ताकद आणि अगतिकता एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर तुरिआल्बाइतके बोलके उदाहरण विरळा.

स्थान, हवामान आणि पिके

तुरिआल्बा कार्तागो प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसले आहे. वायव्येला ३,३४० मीटर उंचीचा तुरिआल्बा ज्वालामुखी उभा आहे; जवळून रेव्हेन्तासोन नदी कॅरिबियन समुद्राकडे धावते. सरासरी तापमान २२ अंशांच्या आसपास असते आणि वर्षाला सुमारे २,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळून थांबतो. इथे पूर्णपणे कोरडा म्हणावा असा महिना जवळजवळ नसतोच. शहर ज्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे, त्या संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७० हजारांच्या आत होती.

सखल भागात ऊस, उतारांवर कॉफी आणि ज्वालामुखीच्या थंड कुशीत दूधदुभते, अशी शेतीची ढोबळ विभागणी आहे. उसाचा रस आटवून तयार होणारी ‘तापा दे दुल्से’ ही ढेप मराठी माणसाला ओळखीची वाटेल, कारण ती गुळाचीच बहीण आहे. ती ज्या ‘त्रापिचे’मध्ये बनते ते गुऱ्हाळच होय, आणि तिच्यापासून केलेले ‘आग्वा दुल्से’ म्हणजे गरम गूळपाणी. कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावले जाणारे ‘पोरो’ हे झाड आपल्या पांगाऱ्याच्या कुळातले. त्याची मुळे हवेतील नत्र जमिनीत बांधून ठेवतात, छाटलेल्या फांद्यांचे खत होते आणि सावलीमुळे कॉफीच्या झाडावरचा ताण कमी होतो. ज्वालामुखीच्या उतारावरील सांता क्रूस गावचे ताजे पांढरे चीज देशभर प्रसिद्ध आहे. ‘केसो तुरिआल्बा’ या नावाला २०१२ मध्ये भौगोलिक उत्पत्तीचे कायदेशीर संरक्षण मिळाले.

रेल्वेने घडवलेले, रस्त्याने टाकून दिलेले

आजचे शहर रेल्वेचे अपत्य आहे. मध्य पठारावरची कॉफी युरोपात पाठवण्यासाठी कॅरिबियन किनाऱ्यावरील लिमोन बंदरापर्यंत लोहमार्ग हवा होता. अमेरिकी उद्योजक मायनर कीथ यांच्या देखरेखीखाली तो १८९० मध्ये पूर्ण झाला. जंगल, दलदल आणि हिवताप यांच्याशी झुंजत हे काम करणाऱ्यांत जमैकातून आलेले कृष्णवर्णीय मजूर बहुसंख्य होते. चिनी आणि इटालियन मजूरही होते. मार्गाच्या मध्यावरील तुरिआल्बा स्थानकाभोवती गोदामे, दुकाने आणि वस्ती वाढत गेली. १९०३ मध्ये या भागाला स्वतंत्र तालुक्याचा दर्जा मिळाला.

या लोहमार्गाच्या इतिहासाला एक काळी किनारही आहे. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या गाडीतील कृष्णवर्णीय कर्मचारी तुरिआल्बाला उतरत आणि तेथून राजधानीकडे दुसरे कर्मचारी गाडी नेत, असा प्रघात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होता. कृष्णवर्णीयांनी तुरिआल्बाच्या पलीकडे जाऊ नये, असा कोणताही लिखित कायदा इतिहासकारांना आढळलेला नाही. मात्र १९३४ च्या केळी करारात प्रशांत किनाऱ्यावरील मळ्यांत कृष्णवर्णीय मजूर नेमण्यास मनाई करणारी तरतूद होती, आणि रूढी अनेकदा कायद्याहून कठोर असते. १९४८ च्या यादवी युद्धानंतर आलेल्या नव्या व्यवस्थेत या समाजाला नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. तोवर तुरिआल्बा ही देशांतर्गत असलेली एक अदृश्य सीमा होती.

रेल्वेने दिलेले वैभव रस्त्याने काढून घेतले. १९८७ मध्ये सान होजे ते लिमोन हा नवा महामार्ग ब्राउलिओ कारिय्यो राष्ट्रीय उद्यानातून सुरू झाला आणि पूर्वी तुरिआल्बातून जाणारी वाहतूक एकाएकी दुसरीकडे वळली. २२ एप्रिल १९९१ रोजी लिमोन परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात लोहमार्ग अनेक ठिकाणी उखडला गेला, आणि १९९५ मध्ये देशाची रेल्वेसेवाच बंद करण्यात आली. ज्या गावाचे अस्तित्व वाटेवर असण्यात होते, ते काही वर्षांतच आडवाटेला पडले.

कातिए : शेतातली जिवंत पेढी

अशा वेळी शहराला आधार ठरली ती एक संशोधन संस्था. दुसऱ्या महायुद्धात रबर, सिंकोना यांसारख्या उष्ण कटिबंधीय मालाचा आशियातून होणारा पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिका खंडातच अशा पिकांचे संशोधन व्हावे, या विचाराला जोर आला. स्वतः शेतीतज्ज्ञ असलेले अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांचा त्याला पाठिंबा होता. १९४२ मध्ये आंतर-अमेरिकी कृषिविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिच्यासाठी तुरिआल्बाची निवड करण्यात आली. याच परिसरात १९७३ मध्ये ‘कातिए’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे उष्ण कटिबंधीय कृषी संशोधन व उच्च शिक्षण केंद्र आकाराला आले. लॅटिन अमेरिकेतील शेती आणि वनशास्त्राच्या अनेक पिढ्या येथे घडल्या.

या केंद्राचे खरे धन त्याच्या शेतात उभे आहे. गहू किंवा तांदळाचे बी वाळवून शीतगृहात दशकानुदशके ठेवता येते. कॉफीचे बी तसे टिकत नाही. त्यामुळे कॉफीचे वाण जपायचे तर झाडेच जगवावी लागतात. कातिएच्या आवारात कॉफीचे सुमारे २,००० नमुने असे जिवंत राखले आहेत. १९६० च्या दशकात इथिओपियाच्या जंगलांतून मोहिमा काढून गोळा केलेली रानटी कॉफीही त्यांत आहे. २००६ च्या करारानुसार हा संग्रह अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकसंपत्तीविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत आला. तो आता कोणा एका देशाचा उरलेला नाही.

या संग्रहाचे महत्त्व गेशाच्या कहाणीतून उत्तम कळते. इथिओपियातून १९३० च्या दशकात गोळा केलेले हे बी पूर्व आफ्रिकेतील संशोधन केंद्रांमार्गे १९५३ मध्ये तुरिआल्बाला पोहोचले. त्याला टी-२७२२ हा क्रमांक मिळाला. तांबेरा रोगाला ते काही प्रमाणात दाद देत नाही, एवढ्याच गुणासाठी १९६० च्या दशकात ते पनामाला देण्यात आले. फांद्या ठिसूळ आणि उतारा कमी, म्हणून शेतकऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. २००४ मध्ये पनामातील बोकेते भागाच्या एका मळ्याने ही कॉफी स्पर्धेत वेगळी सादर केली. तिच्या मोगऱ्यासारख्या सुगंधाने परीक्षक थक्क झाले आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर असा त्या वेळचा विक्रमी भाव मिळाला. २०१९ मध्ये पनामाच्याच एका गेशाने पौंडाला १,००० डॉलरचा टप्पा ओलांडला. जवळपास अर्धशतक कोणाच्याही खिजगणतीत नसलेले झाड केवळ कोणीतरी राखून ठेवले म्हणून हाती लागले.

तांबेऱ्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. या बुरशीने एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेतील कॉफी नामशेष केली आणि तेथील मळेवाले चहाकडे वळले. १९७० मध्ये ती ब्राझीलमध्ये दिसली, १९८३ मध्ये कोस्टा रिकात पोहोचली, आणि २०१२-१३ च्या साथीने मध्य अमेरिकेतील लाखो कुटुंबांचे उत्पन्न बुडाले. लागवडीखालील अरेबिका कॉफीचा वंश अत्यंत मोजक्या झाडांपासून वाढलेला असल्याने तिची प्रतिकारशक्ती तोकडी आहे. नवे वाण घडवायचे तर रानटी वंशाकडेच जावे लागते. कोको पिकातही हेच घडले. १९७८ मध्ये कोस्टा रिकात शिरलेल्या मोनिलिया बुरशीने शेंगा कुजून कोकोची शेती कोलमडली. कातिएच्या संशोधकांनी दीर्घकाळ चाचण्या घेऊन या शतकाच्या पहिल्या दशकात रोगाला तोंड देणारे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले.

मात्र ही पेढी स्वतःच नाजूक आहे. झाडे म्हातारी होतात, दमट जमिनीत मुळे कुजतात, आणि एक झाड गेले की त्यासोबत एक वंशही जाऊ शकतो. देखभालीचा खर्च दर वर्षी उभा राहतो. त्याचा लाभ मात्र कधी आणि कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. क्रॉप ट्रस्ट आणि वर्ल्ड कॉफी रिसर्च यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या जागतिक आराखड्यात अशा संग्रहांच्या शाश्वत निधीवर भर देण्यात आला आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बी गोठवून राखण्याचे तंत्रही वापरले जात आहे.

एकशे आठ टाके

शहराचा दुसरा आधार म्हणजे बेसबॉलचा कारखाना. रॉलिंग्ज ही कंपनी १९७७ पासून मेजर लीगला चेंडू पुरवते. पूर्वी हे चेंडू हैतीत शिवले जात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील राजकीय अस्थैर्यामुळे कंपनीने तुरिआल्बात कारखाना काढला. रेल्वे आणि रस्ता दोन्ही हातचे गेलेल्या गावाला रोजगाराची नितांत गरज होती.

चेंडूचा गाभा बूच आणि रबराचा, त्याभोवती लोकरीचे धागे, आणि वर पांढऱ्या चामड्याचे दोन तुकडे. हे तुकडे मेण लावलेल्या लाल दोऱ्याच्या १०८ दुहेरी टाक्यांनी हाताने शिवले जातात, कारण हे काम तितक्या सफाईने करणारे यंत्र व्यवहारात उतरलेले नाही. मेरठ किंवा जालंधरला क्रिकेटचा चेंडू शिवणाऱ्या कारागिराला ही बैठक परकी वाटणार नाही. शिवण्याची मजुरी नगावर ठरते. कच्चा माल बाहेरून येतो, चेंडू बाहेर जातो, आणि गावात राहते ती मजुरी. २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कोट्यधीश खेळाडू आणि त्यांचे चेंडू शिवणारे कामगार यांच्या उत्पन्नातील दरी ठळकपणे मांडली होती. तरीही ऊसतोड आणि कॉफीतोडणी हंगामी असताना, वर्षभराचे काम म्हणून या नोकरीचे मोल गावाने मानले आहे.

ज्वालामुखी, नद्या आणि प्राचीन जलवाहिन्या

१८६६ नंतर शांत असलेला तुरिआल्बा ज्वालामुखी जानेवारी २०१० मध्ये पुन्हा राख फेकू लागला. ऑक्टोबर २०१४ पासून त्याची सक्रियता वाढली; मार्च २०१५ मध्ये राखेमुळे सान होजेचा विमानतळही बंद ठेवावा लागला. ज्या राखेने हजारो वर्षांत ही जमीन सुपीक केली, तीच कुरणावर पडली की गुरांच्या चाऱ्यात मिसळते. सांता क्रूसच्या चीज उत्पादकांना हे दोन्ही अनुभव आहेत.

रेव्हेन्तासोन आणि पाक्वारे या नद्यांनी तुरिआल्बाला जलक्रीडेचे केंद्र बनवले. रेव्हेन्तासोनवर २००० मध्ये अंगोस्तुरा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. पाक्वारेवरही धरणाचा प्रस्ताव आला, तेव्हा २००५ मधील सार्वमतात तालुक्याने तो प्रचंड बहुमताने नाकारला. याच तालुक्याच्या दुर्गम डोंगरांत काबेकार हे आदिवासी राहतात. त्यांच्या अनेक वस्त्यांपर्यंत आजही पायीच जावे लागते, आणि शहराच्या प्रगतीचा वाटा त्यांच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोहोचतो.

शहराच्या उत्तरेस सुमारे १९ किलोमीटरवर गुआयाबो हे देशातील सर्वांत महत्त्वाचे पुरातत्त्वीय स्थळ आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १००० पासून इसवी सन १४०० च्या आसपासपर्यंत येथे वस्ती होती. दगडी रस्ते, चौथरे आणि जलवाहिन्या अजून शाबूत असून काही वाहिन्यांतून आजही पाणी खेळते. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने २००९ मध्ये या स्थळाला ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून मान्यता दिली.

पुढचा प्रश्न

तुरिआल्बाची कॉफी कमी उंचीवर आणि दमट हवेत पिकते. त्यामुळे तारासूसारख्या उंच प्रदेशातील कॉफीचा मान आणि भाव तिला मिळत नाही. तापमान वाढत गेल्यास ही अडचण आणखी तीव्र होईल. उत्तरे शोधण्याची साधने मात्र गावातच आहेत : सावलीतील शेतीवर दीर्घकाळ चाललेले प्रयोग, संरक्षित नावाचे चीज, कोस्टा रिका विद्यापीठाचे केंद्र आणि जगाला उपयोगी पडणारा जनुकसंग्रह. बाहेरच्यांच्या गरजेतून आलेली रेल्वे गेली. संशोधन संस्था आणि चेंडूचा कारखाना यांची मुळेही बाहेरच्याच गरजांत आहेत. त्यांपैकी जे गावात रुजले, शिकवले गेले आणि पुढच्या पिढीच्या हाती आले, तेच टिकेल. शेतात उभ्या असलेल्या त्या २,००० नमुन्यांतून पुढचे गेशा कोणते निघेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच त्यांतले एकही मरू न देणे हे तुरिआल्बाचे, आणि रोज सकाळी कॉफीचा पेला हाती घेणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.