आठवड्याला एक पेनी

श्रोतेहो, पुढाऱ्याचं वळण संस्थेला लागतं ते कसं? इंग्लंडातली एक हकीगत सांगतो.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हे अँग्लिकन चर्चचे पाद्री. खाणकामगारांपुढे ते उघड्या माळावर प्रवचनं करीत. त्यांच्या अनुयायांना मेथॉडिस्ट म्हणत. १७४२ साली ब्रिस्टल येथे त्यांच्या प्रार्थनागृहावर कर्ज होते. फॉय नावाच्या सभासदाने सुचविले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेही झेपायचं नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा अकरा गरीब माझ्याकडे द्या, त्यांचं कमी पडेल ते मी भरीन, असे तो म्हणाला.

झालं! बारा-बारांचे गट पडले. पेनी गोळा करणारा दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला. कोण आजारी आहे, कोण दारूच्या नादी लागला, हेही त्याला कळू लागले. वेस्लींनी यातले मर्म ओळखले. वसुलीच्या गटांचे त्यांनी ‘वर्ग’ केले. एकमेकांची विचारपूस करायची, चुकलेल्याला सावरायचे, हा नेम ठरला. साधे कारागीर, बायकासुद्धा वर्ग चालवू लागल्या.

मात्र वर्गप्रमुख नेमणारे नि काढणारे वेस्लीच, मतदान नव्हे. तरी चारचौघांत बोलायची, जबाबदारी घ्यायची सवय लोकांना लागली ती लागलीच. टॉलपडल गावी शेतमजुरांनी संघ काढला आणि १८३४ साली सहाजणांना हद्दपारी झाली. त्यांचे पुढारी जॉर्ज लव्हलेस हे मेथॉडिस्ट प्रवचनकारच होते.

प्रवचन ऐकून माणूस घरी जातो. नेम मात्र त्याच्याबरोबर घरी येतो.