चिमणीवरून गाव ओळखताना

पाळी सुटल्यावर गिरणीच्या दाराशी लोटणारी गर्दी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तशीच गर्दी शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात कशी होती, ते मात्र आम्हांला दूरचित्रवाणीच्या पडद्याने दाखविले. डोक्यावरून शाली घेतलेल्या बाया, टोपीवाले पुरुष आणि त्यांच्यात मिसळलेली शाळकरी वयाची पोरे! ती पाहताच आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की, ही गिरणी कोणती?

या चित्रांची हकीकत अशी. १९९४ साली लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न गावी एका जुन्या दुकानाच्या तळघरात धातूची पिंपे सापडली. त्यांत सुमारे ८०० चित्रफिती होत्या. सॅगर मिचेल आणि जेम्स केन्यन या जोडीने त्या विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या. जत्रेत खेळ दाखविणारे फिरते धंदेवाले त्यांना काम सांगत. पाळी सुटताना गिरणीच्या दाराशी चित्र घ्यावयाचे आणि तेच चित्र त्याच कामगारांना पैसे घेऊन दाखवावयाचे. स्वतःचा चेहरा पाहावयास कोण जाणार नाही? २००५ साली बीबीसीने या फितींवर तीन भागांची मालिका दाखविली.

आता ठिकाण ओळखावयाचे कसे? काम चिकाटीचे आहे, पण त्यात जादू नाही. प्रथम दुकानांच्या पाट्या वाचाव्या. अक्षरे उलटी दिसली तर चित्रच उलटे छापले गेले आहे, असे समजावे. मग उंच खुणा शोधाव्या : चर्चचा मनोरा, नगरभवनाचे घड्याळ, गिरणीची चिमणी. चित्रात मनोरा चिमणीच्या बरोबर मागे आला असेल, तर त्या काळच्या नकाशावर दोहोंना जोडणारी रेघ ओढून ती चिमणीच्या अलीकडे वाढवावी. कॅमेरा त्या रेघेवरच कोठेतरी उभा होता. अशीच दुसरी जोडी सापडली, तर दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतील ती कॅमेऱ्याची जागा. सावलीवरून वेळेचा अंदाज येतो. रस्त्यावर ट्रामची वीजतार दिसली, तर वर्षाची आधीची मर्यादा ठरते. ब्रॅडफर्डमध्ये विजेच्या ट्रामगाड्या १८९८ साली सुरू झाल्या, म्हणजे तारेखालचे तेथील चित्र त्याआधीचे नव्हे.

ब्रॅडफर्डचेच उदाहरण पुढे नेऊ. तेथे लिस्टर यांच्या मॅनिंगहॅम गिरणीची २४९ फूट उंचीची चिमणी आहे. शहराच्या चित्रात ती दिसली की जाणकाराला दिशा कळते. आमच्यासारख्याला आणखीही काही आठवते. मजुरीकपातीविरुद्ध याच गिरणीत डिसेंबर १८९० मध्ये संप झाला. कामगार एप्रिल १८९१ मध्ये हरले. पण त्या हरण्यातून धडा घेणाऱ्यांनी जानेवारी १८९३ मध्ये याच शहरात स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. आज त्या गिरणीत राहती घरे झाली आहेत. चिमणी उभी आहे. चिमणी नुसती ओळखून भागत नाही, तिच्याखाली काय घडले तेही विचारावे लागते.

येथेच आमच्या मनाला एक गोष्ट टोचते. १९०१ सालच्या एका फितीवर आल्फ्रेड बटरवर्थ आणि पुत्र यांचे, हॉलिनवुडच्या ग्लेब मिलचे नाव आहे. मालकाचे नाव टिकले. चित्रात मात्र चालतात ते सारे कामगार, आणि त्यांची नावे नाहीत. त्याच वर्षीच्या कायद्याने कारखान्यातील मुलांचे किमान वय १२ केले. दाराबाहेर पळत येणारे ते पोर कोणाचे, हे फीत सांगत नाही. जागा सापडली तरच जनगणनेची वही उघडता येते, आसपासच्या घरांत कोण राहत होते ते पाहता येते, एखाद्या म्हातारीला 'ही माझी आजी' म्हणता येते. जागेचा शोध हा माणसांच्या शोधाचा उंबरठा आहे.

आमच्या मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या दिवसांची चित्रे आजही पडद्यावर येतात. मागे चिमणी असते, पुढे मोर्चा. त्यांतल्या कित्येक चिमण्या पडल्या आणि जागी काचेचे मनोरे चढले. उद्या खूण उरणार नाही. म्हणून श्रोत्यांना आमची विनंती आहे : घरात असे एखादे चित्र असेल तर त्याच्या पाठीवर आजच गिरणी, रस्ता, साल लिहा, आणि मोर्चातल्या माणसांची नावेही. ती सांगणारी म्हातारी माणसे अजून आपल्यात बसली आहेत.