फ्रेडचा तंबू

क्रिकेटच्या आकड्यांवर धंदा होतो हे आधी कुणी दाखवलं, असं विचारलं की लोक क्रिकेटचं पंचांग काढणाऱ्या विस्डेनचं नाव घेतात. मी मैदानावर स्कोअरबुक घेऊन बसणारा माणूस, माझं मत फ्रेड लिलीव्हाइटला.

बाप विल्यम नावाजलेला गोलंदाज. पोराला मात्र वेड नोंदींचं. 1849 पासून तो ‘गाइड टू क्रिकेटर्स’ काढू लागला. पण त्याचं खरं डोकं दिसतं ते तंबूत. छपाईचं फिरतं यंत्र तो थेट मैदानावर मांडायचा. गडी बाद झाला की त्याचं नाव, धावा, झेल कुणाचा, सगळं खिळे जुळवून बसवायचं आणि ओल्या शाईचं पत्रक विकायचं. पुढचा गडी गेला की हातातलं पत्रक शिळं, म्हणजे तेच गिऱ्हाईक पुन्हा हजर! आम्ही आपले निर्धाव चेंडूंची टिंबं काढत बसतो. यानं त्यांचे पैसे केले.

1855 मध्ये त्यानं आणि जॉन विस्डेननं लंडनमध्ये भागीदारीत क्रिकेटच्या सामानाचं दुकान थाटलं. 1858 मध्ये भागीदारी मोडली. आणि 1859 मध्ये इंग्लंडचे बारा खेळाडू कॅनडा-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा दोघे एकाच बोटीवर. विस्डेन खेळायला, फ्रेड तंबू आणि यंत्र घेऊन. त्या धुडापायी कर्णधार जॉर्ज पार वैतागला. पारचंही चूक नव्हतं म्हणा. प्रत्येक मुक्कामी ते लटांबर हलवायचं कुणी?

विस्डेनचं पंचांग आलं 1864 मध्ये. 112 पानं, किंमत एक शिलिंग. त्यात डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचे विजेते होते, कालव्यांची लांबीसुद्धा होती. मला तर वाटतं, पानं भरायची म्हणून घातली असावीत. सामन्यांवर मात्र एका शब्दाचीही टिप्पणी नाही. उलट फ्रेड आपल्या ‘गाइड’मध्ये प्रत्येक खेळाडूवर शेरा मारणार, आणि शेरा मारला की शत्रू आलेच. शिवाय विस्डेनच्या पुस्तकामागे दुकान होतं. बॅट-बॉल खपत होते तोवर पुस्तकाला धास्ती नव्हती.

1866 मध्ये फ्रेड गेला, चाळिशीही न गाठता. त्याआधी एक मोठं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. आर्थर हेगार्थ हा गृहस्थ वर्षानुवर्षं जुन्या सामन्यांचे तपशील हुडकत होता. त्याचं ‘स्कोअर्स अँड बायोग्राफीज’ फ्रेडनं 1862 पासून छापायला घेतलं. चार खंडांवर त्याचा हात थांबला. पुढचे मेरिलबोन क्रिकेट क्लबनं, म्हणजे एमसीसीनं, काढले.