शेगडी, धुराडें आणि लेकरांची खोली

पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. त्याच परिसरांत, जंगलाच्या कडेला, इस्लापूर हें गांव वसलेलें आहे. आज तें नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत मोडतें; परंतु १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वीं इस्लापूर मंडळ हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत, बोथ तालुक्यांत होतें. मराठवाडा म्हटला कीं शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें उन्हाळाच उभा राहतो. पौषांतील पहाट या बाजूला किती बोचरी असते, हें तेथें राहिल्यावांचून कळत नाहीं. अशा सकाळीं अंगणवाडींत तीन-चार वर्षांचीं लेकरें कुडकुडत येऊन बसलीं, म्हणजे घरून निखाऱ्यांची शेगडी आणून खोलीच्या मध्यभागीं ठेवावी आणि वारा येऊं नये म्हणून दार लोटून घ्यावें, हा विचार कोणाही मायाळू बाईच्या मनांत सहज येईल. मायेंतून सुचलेला हाच उपाय सर्वांत घातक आहे. तो घातक कसा ठरला, याला एक इतिहास आहे.

जुन्या मराठी घरांत लहान मुलाची पहिली खोली म्हणजे बाळंतिणीची खोली. ती बहुधा घरांतील सर्वांत अंधारी असे. बाजेखालीं शेगडी, शेगडींत राखेनें झांकलेले इंगळ, वर ओव्याची किंवा बाळंतशेपांची धुरी, दाराला पडदा आणि फटींत कोंबलेल्या चिंध्या, असा सारा थाट असावयाचा. बाळ-बाळंतिणीस वारा लागूं नये ही त्यांतील दृष्टि. ऊब हवी हें आजीबाईंचें म्हणणें अगदीं रास्त होतें. नवजात अर्भक आपल्या अंगची उष्णता राखूं शकत नाहीं, हें आजचें वैद्यकही सांगतें. चूक उबेंत नव्हती, ती चिंध्यांत होती.

धुराचें भय मनुष्यास उपजतच असतें. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, माणूस उठून दार उघडतो. म्हणून विस्तव अंगणांत पेटवावा, धूर निघून जाऊं द्यावा आणि लाल, स्वच्छ, निर्धूर निखारे तेवढे आंत आणावे, अशी वहिवाट पडली. परंतु खरा वैरी या निर्धूर निखाऱ्यांतच दडलेला असतो. कोळशास पुरेसा प्राणवायु मिळाला नाहीं, म्हणजे त्यापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यानें १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत या वायूची करणी उलगडून दाखविली. रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्या द्रव्यासच हा वायु घट्ट चिकटून बसतो. प्राणवायूपेक्षां त्याची ही ओढ दोनशें पटींहूनही अधिक आहे. त्यामुळें श्वास चालूच असतो, पण शरीर आंतून गुदमरत जातें. पुढें इंग्लंडांत जॉन स्कॉट हाल्डेन यानें हा वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले आणि कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी न्यावे असें सुचविलें. इवलासा जीव झपाट्यानें श्वास घेतो, म्हणून तो माणसाच्या आधीं कोसळतो. लहान मुलाचें गणितही तेंच आहे. मोठ्यांपेक्षां त्याचा श्वास जलद, म्हणून त्याच खोलींत विष त्याला लवकर भिनतें.

आरंभीं डोकें जड होतें, मळमळतें, गुंगी येते. मोठा माणूस निदान तसें सांगेल. तीन वर्षांचें मूल मात्र झोपीं जातें, आणि उबेनें छान झोप लागली असें समजून त्याच्या अंगावर आणखी एक गोधडी घातली जाते. बाळंतिणीच्या खोलींतील असे किती मृत्यु पूर्वीं सटवाईच्या नांवावर जमा झाले असतील, त्यांची मोजदाद आतां कोण करणार?

येथें एक शंका निघेल. इस्लापूरच्या भोंवतालच्या गोंड, कोलाम, आंध लोकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या विस्तव जळत आला. मग तीं माणसें जगलीं कशीं? याचें उत्तर भिंतींत आहे. कुडाची भिंत आणि गवताचें छप्पर अंगभर श्वास घेत असतें. धूर त्यांतून झिरपून जाई आणि त्याच्या मागोमाग तो अदृश्य वायुही जाई. त्या धुरानें डोळे बिघडत, पोरांच्या छातीचे विकार बळावत, हेंही खरें. त्या घराचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. परंतु रात्रींतून सारें घर निजून जाण्याचा धोका तेथें कमी होता. पुढें विटा-सिमेंटचीं घरें आलीं, वर स्लॅब पडला, लोखंडी खिडक्या गच्च बसूं लागल्या. घर बदललें, शेगडी मात्र तीच राहिली. शहरांतील बिऱ्हाडांनीही हें ऐकून निश्चिंत राहूं नये. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरनें घेतलेले बळी याच वायूचे आहेत.

थंड देशांनीं यावर धुराड्याची तोड काढली. त्यांतही जर्मन लोकांची मातीच्या फरशांची भट्टी विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. पुष्कळ घरांत तिचें तोंड खोलींत नसून बाहेरच्या बोळांत असे. लाकडें बोळांतून घालावयाचीं, धूर धुराड्यानें जावयाचा, आणि खोलींत यावयाची ती फक्त तापल्या फरशीची ऊब. मुलाचा हात विस्तवापर्यंत पोंचण्याचा प्रश्नच उरत नसे.

पण धुराडें असलें म्हणजे झालें, असेंही नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या, तेव्हां त्यांच्या वांट्याला आलेल्या खोलींतील अग्निस्थान जुनाट होतें. विस्तव पेटविला कीं खोली धुरानें भरे. न पेटवावा तर हाडें गोठत. धूर कीं थंडी, एवढीच निवड त्या अठरा वर्षांच्या मुलीपुढें होती. १८८६ च्या मार्चमध्यें त्यांनीं पदवी मिळविली, आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. त्या अंतास एकटी ती खोलीच कारण झाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण तिनें प्रकृतीस हातभार लावला नसेल, असेंही म्हणवत नाहीं.

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरांत पॅरिसमधील आपल्या शयनगृहांत मृत्यु पावला, तोही याच वायूनें. चौकशी करणाऱ्यांनीं त्याच खोलींत पुन्हां विस्तव पेटवून रात्रभर गिनीपिग ठेवून पाहिले, तों ते सकाळीं जिवंत! काल निर्धोक वाटलेला विस्तव आज प्राण घेतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

मुलांच्या शाळेचा इतिहास मात्र निराळीच वाट दाखवितो. मार्गारेट मॅकमिलन या बाईंनीं १९१४ सालीं लंडनच्या डेप्टफर्ड भागांत, गरिबांच्या वस्तींत, उघड्या हवेंतील शिशुशाळा काढली. लंडनची थंडी ती. तरी त्यांचा भर कोंडलेल्या उबेवर नसून मोकळी हवा, पोटभर अन्न आणि स्वच्छता यांवर होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नव्हतीं, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द त्यांतूनच रुळला. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणशाळाही निघाल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें तें नांव देशभर नेलें; पण बहुतेक ठिकाणीं अंगण मागें पडलें आणि खोली पुढें आली.

इस्लापूरच्या थंडीला तें अंगणच पुरेसें आहे. येथला गारठा लंडनसारखा दिवसभर ठाण मांडून बसत नाहीं. ऊन वर चढलें कीं तो ओसरतो. प्रश्न उरतो तो तास-दीड तासाचा. तेवढ्या वेळापुरती सतरंजी पूर्वेच्या कोंवळ्या उन्हांत अंथरावी, जमीन गार असेल तर खालीं कडब्याचा किंवा गोणपाटाचा थर द्यावा, कानटोपी आणि पायमोजे घालून मुलें धाडण्यास आयांस सांगावें, आणि आल्याबरोबर त्यांना कांहीं ऊन ऊन खाऊं घालावें. वीज भरवशाची असेल तेथें विजेचें तापकही चालेल; मात्र लाल तारेचें उघडें नको, तेलभरल्या पत्र्यांचें हवें, तेंही जाळीआड आणि दोरी-वायर मुलांच्या हातीं न लागेल असें. चूल असेल तर ती निराळ्या खोलींत, तिचें धुराडें छपराच्या वर निघालेलें आणि पावसाळा संपतांच काजळी, पाखरांचीं घरटीं काढून साफ केलेलें असावें. आणि पहांटे कोणी शेकोटी पेटविलीच, तर ती ओसरीच्या बाहेर असावी, आणि मुलें आंत वळण्यापूर्वीं तिच्यावर घागरभर पाणी ओतलेलें असावें.